शेतकऱ्याच्या नळीला पीळ नाही

सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की शिरपूर जैनच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. बाहेरच्यांना हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे माहीत आहे. आम्हा आसपासच्यांना मात्र ते मालेगाव तालुक्यातल्या इतर गावांसारखंच सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचं गाव. तुरीत रोही शिरतात, सोयाबीनमध्ये रानडुकरं लोळतात. एका रात्रीत दोन-तीन महिन्यांचे कष्ट मातीत जातात. मग पारावर, चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेरच्या ओट्यावर एकच मागणी ऐकू येते : सरकारने परवानगी द्यावी आणि बंदुकीचा परवाना द्यावा.

ही मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचं पीक गेलं त्याला घरी बसून करुणा शिकवणं सोपं असतं. पण परवान्याच्या या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही. कोणती बंदूक? तिच्या नळीच्या आत काय आहे?

रायफलच्या नळीत आतून नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. दोराला पीळ असतो तसा नळीला पीळ. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरते म्हणून सरळ जाते. भोवऱ्याचंच तत्त्व. जोरात फिरणारा भोवरा एका जागी उभा राहतो, वेग उतरला की डोलतो आणि आडवा पडतो. गोळीचंही तसंच. पीळ किती घट्ट, हे गोळीचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो यावरून मोजतात. सोळा इंचांत एक फेरा हा सैल पीळ, सात इंचांत एक फेरा हा घट्ट.

कोणता पीळ निवडायचा याचं साधं गणित १८७९ साली आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी मांडलं. ते इंग्लंडमधल्या वुलविच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवत. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. सगळी मापं इंचांत. पॉइंट टू-टू रायफलच्या गोळीचा व्यास सुमारे ०.२२४ इंच आणि लांबी साधारण ०.४६ इंच. उत्तर येतं सोळाच्या जवळपास. आजही जगभर पॉइंट टू-टूच्या बहुतेक नळ्यांना सोळा इंचांत एक फेरा हाच पीळ असतो. आधी गोळी ठरवायची, मग पीळ. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट.

हा मेळ चुकला तर काय होतं? पीळ कमी पडला तर गोळी हवेत डोलते आणि लक्ष्यावर आडवी आदळते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलला सुरुवातीला चौदा इंचांत एक फेरा होता. कडाक्याच्या थंडीत, दाट हवेत तो अपुरा पडला म्हणून बारा इंचांवर आणला. पुढे लांब, जड गोळी आली तेव्हा तो सात इंचांवर गेला. उलट पीळ गरजेपेक्षा थोडा जास्त झाला तर सहसा फारसं बिघडत नाही. फक्त पातळ आवरणाची हलकी गोळी अतिवेगाने फिरून वाटेतच फुटू शकते.

नेमबाजीच्या खेळात हा मेळ किती बारकाईने जपला जातो ते पाहा. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं. दोघांच्याही प्रकारात हीच पॉइंट टू-टू रायफल. खेळाडू वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतात आणि ज्या खेपेची भोकं सर्वांत जवळ पडतात ती निवडतात. कागदावर छिद्र पाडायला एवढी दक्षता.

परदेशात शेताची नासाडी करणाऱ्या प्राण्यांसाठीही अशीच निवड चालते. पण तिथली शिफारस आपण उचलू नये. अमेरिकेत बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी हलकी, वेगवान, लागताच फुटणारी गोळी आणि तिला जुळणारा बारा-चौदा इंचांचा सैल पीळ घेतात. आपल्याकडचा नर रोही दोनशे किलोंच्या पुढे जातो. रानडुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. त्यांच्यावर फुटणारी हलकी गोळी म्हणजे वरवरची जखम. इथे खोल जाणारी जड गोळी आणि तिला पुरेल असा पीळ हवा. पॉइंट टू-टू तर या कामाची नाहीच.

आता आपला कायदा पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम दोन माणसांचा विचार करतं. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य असेल तर त्याला सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल. पिकाच्या रक्षणासाठी मागणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक, आपल्या भाषेत भरमार. भरमार पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी बंदूक, पण तीही गुळगुळीत नळीचीच. मोठ्या रायफलचा परवाना मागता येतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट तीन-एक-पाच रायफल काहींकडे असतेही. पण पिकासाठी कायद्याने आखून दिलेली वाट आहे ती बिनपिळाच्या नळीची.

म्हणजे निर्जीव कागदाच्या वाट्याला अचूक शस्त्र आलं आणि जिवंत प्राण्याच्या वाट्याला अंदाजाचं. बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे विखुरतात. ठासणीच्या बंदुकीचा गोळा कुठे जाईल हे चालवणारालाही सांगता येत नाही. अंधारात, हातात टॉर्च धरून, पळणाऱ्या कळपावर बार काढला की एखादं जनावर पडतं आणि एखादं पोटात शिसं घेऊन नाल्यात जाऊन मरतं. मरायला त्याला दोन दिवस लागले की चार, हे कुठल्या नोंदवहीत येत नाही. जखमी डुक्कर पुढे कुणा निंदणाऱ्या बाईच्या अंगावर आलं, तर त्याचाही हिशोब त्या बाराशी लागत नाही.

बकरी ईदच्या आधी आमच्या मोहल्ल्यांत सुऱ्यांना धार लावतात. जीव घ्यायचीच वेळ आली तर तो कमीत कमी वेदना देऊन घ्यावा, जनावरासमोर सुरीला धार लावू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. जिवंत प्राण्याला नेमाचं लक्ष्य करून खेळू नये, हीदेखील प्रेषितांची शिकवण आहे. जे जनावर आम्ही खात नाही त्याच्या बाबतीत ही शिकवण संपते, असं कुठे म्हटलेलं नाही. शिरपूरला येणारा जैन यात्रेकरू तर जीव घेण्यालाच नाही म्हणेल. त्याच्याशी माझा मतभेद असेल, पण तडफडत ठेवलेलं जनावर हे त्याच्याही श्रद्धेला मान्य नाही आणि माझ्याही. शेतकऱ्यालाही ते नको असतं. त्याला फक्त पीक वाचवायचं असतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रायफलची गोळी लांब जाते. पॉइंट टू-टूची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, मोठ्या रायफलची त्याहून कितीतरी पुढे. आपली शिवारं मोकळी, बांधाबांधावर मचाणं, प्रत्येक मचाणावर कोणीतरी जागलीला. गावातल्या प्रत्येक घरात रायफल देणं म्हणजे डुकराच्या जागी माणूस गमावणं. कायद्याने शेतकऱ्याला गुळगुळीत नळी दिली तिच्यामागे हाही विचार असावा.

म्हणूनच माझी मागणी परवान्यांची संख्या वाढवण्याची नाही. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली उभ्या पिकासाठी धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देता येते. ती देताना कोण मारणार आणि कशाने मारणार, हेही ठरवावं. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांसाठी हा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांपर्यंत आणला. आपण त्यापुढे एक पाऊल टाकावं. तालुक्याला चार-सहा प्रशिक्षित नेमबाज असावेत. त्यांची परीक्षा कागदावर व्हावी. गोळी आणि नळी जुळलेली रायफल त्यांच्याकडे असावी, मचाणावरून खाली, मागे माती असेल तिथेच बार काढायची अट असावी, आणि जखमी जनावर शोधून संपवल्याशिवाय घरी जायचं नाही हा नियम असावा. नेमबाजीत पदकं आणणाऱ्या राज्याला चार-सहा हात शिकवणं अवघड नाही. त्याआधी सौर कुंपण आणि वेळेवर भरपाई. बंदूक सर्वांत शेवटी.

आज आपण यातलं काहीच करत नाही, म्हणून गावात तारेत वीज सोडली जाते, पिठात गावठी बॉम्ब ठेवले जातात. त्यात डुक्कर मरतं, शेजाऱ्याची गायही मरते, कधी माणूसही. परवानगीचा कागद देऊन हात झटकणारं सरकार शेतकऱ्याला खुनी ठरवतं आणि प्राण्याला तडफडत ठेवतं. मारायचंच असेल, तर एका गोळीत आणि जाणत्या हाताने मारा. ती तयारी नसेल, तर परवानगीचा कागद देऊ नका, कुंपण द्या.