पाण्याचा आकडा कोणाचा?

गावकऱ्यांनी मोजलेल्या आकड्याला शासकीय कागदावर जागा द्यायची की नाही, हा प्रश्न खान्देशाला आता टाळता येणार नाही. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे १३ जिल्हे आले, त्यांत जळगाव आहे. गावाने स्वतः पाऊस मोजावा, विहिरींची पातळी टिपावी आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडावा, ही त्या योजनेची कल्पना. तिच्यावर चार आक्षेप घेतले जातात. उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे असताना टेप घेऊन विहिरीवर वाकायचे कशाला? अप्रशिक्षित माणसाच्या नोंदीवर भरवसा कसा ठेवायचा? जो पाणी उपसतो तोच खरे कसे सांगेल? आणि शासनाचे काम गावाच्या गळ्यात फुकट का मारायचे? माझ्या मते यांतले पहिले तीन आक्षेप तपासाला टिकत नाहीत. चौथा खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांच्या नेमका उलट आहे.

यंत्राच्या आक्षेपाला पहिले उत्तर जमीनच देते. तापीच्या उत्तरेला यावल-रावेरचा केळीचा पट्टा नदीने आणलेल्या गाळाच्या जाड थरांवर वसला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे आणि पावसाचे पाणी तिथून खोल मुरते. धुळे जिल्ह्यात मात्र बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. शिवाय या पाषाणाला चिरत गेलेल्या, बहुतांशी पूर्व-पश्चिम धावणाऱ्या उभ्या खडकभिंती, म्हणजे डाइक, कुठे पाणी अडवतात तर कुठे त्याला वाट करून देतात. अशा जमिनीत एका शिवारातली भरलेली विहीर शेजारच्या शिवाराबद्दल काहीच सांगत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी पूर्वापार वर्षातून चार वेळा मोजत आली आहे: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. जिल्ह्याचा कल कळायला ते पुरेसे आहे. पण रब्बीत गहू घ्यायचा की हरभरा, हे ठरवताना शेतकऱ्याला आपल्या शिवाराचा त्या आठवड्यातला आकडा लागतो. गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून भूगर्भातले पाणी जोखणाऱ्या ग्रेस मालिकेतले पहिले उपग्रह २००२ मध्ये सोडले गेले. या मालिकेतल्या उपग्रहांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असते. पावणेबारा हजार चौरस किलोमीटरचा अख्खा जळगाव जिल्हाही त्यांना नीट वेगळा काढता येत नाही. विहिरीतले स्वयंचलित यंत्र अचूक असते, पण ते त्या एका विहिरीपुरते. इथे उणीव आहे ती नोंदींच्या दाटीची आणि सातत्याची. ती गावात राहणारा माणूसच भरून काढू शकतो.

प्रशिक्षणाच्या आक्षेपाला उत्तर इतिहासात आहे. जून १८३५ मध्ये विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाने अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, नऊ देशांतल्या साडेसहाशेहून अधिक ठिकाणी, भरती-ओहोटीच्या एकाच वेळी नोंदी करवून घेतल्या. मोजणारे बहुतांश किनारारक्षक, खलाशी, गोदीतले कर्मचारी. एकाची चूक शेजारच्या ठाण्याच्या नोंदीशी ताडून पाहता येत होती आणि त्या सगळ्या आकड्यांतून भरतीच्या लाटेचा नकाशा साकारला. पट्टी वाचायला पदवी लागत नाही. ठरलेली वेळ आणि ठरलेली रीत पाळावी लागते. खान्देशाला हे नवे वाटायचे कारण नाही. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांच्या आधाराने शतकानुशतके चाललेली फड ही सामूहिक सिंचनाची पद्धत अभियंत्यांच्या बळावर चालली नव्हती. पाटकरी, जागल्या, हवालदार आणि पंच यांनी पाण्याची पाळी लावली, ती राखली आणि तंटेही मिटवले.

सर्वांत वजनदार आक्षेप स्वार्थाचा. उपसणाऱ्याचा स्वार्थ असतो, हे कबूल. पण मोजमापाच्या व्यवहारात निःस्वार्थी पक्ष आहे कोण? हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळी उत्पादकाची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. तिथे कंपनी, शासन आणि शेतकरी तिघांचेही पैसे गुंतलेले असतात. म्हणून आपण आकडेच बाद करत नाही, पडताळणी मागतो. फडात हेच घडत असे. एकाने जादा पाणी घेतले की खालच्याचा फड कोरडा पडे, त्यामुळे प्रत्येकाचे डोळे दुसऱ्यावर असत. विहिरींच्या बाबतीतही दोन वेगळ्या शिवारांतल्या माणसांनी ठरलेल्या दिवशी मिळून मोजावे, आकडा त्याच दिवशी चावडीवरच्या फळ्यावर लिहावा, भूजल यंत्रणेच्या वर्षातल्या चार मोजण्यांशी तो ताडावा आणि फरक दिसला तर सर्वांसमक्ष फेरमोजणी व्हावी. परस्परविरोधी स्वार्थ एकमेकांवर पहारा ठेवतात. आंध्र प्रदेशात सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी अशाच पद्धतीने पाऊस आणि विहिरी मोजून रब्बीपूर्वी पाण्याचा हिशेब मांडला होता. आणि खोट्या आकड्याचा फटका शेवटी बसतो कोणाला? फेब्रुवारीत ज्याची बोअर कोरडी पडते त्यालाच.

राहिला चौथा आक्षेप, वेठीचा. तो मला मान्य आहे. योजनेची मुदत संपली, पर्जन्यमापक फुटला, तो बदलून द्यायला कोणी नाही, अशी अवस्था आली तर लोकसहभाग म्हणजे शासनाने अंग काढून घेण्याचे गोंडस नाव ठरेल. पण त्यावर उपाय मोजणी बंद करणे हा नव्हे. मोजणाऱ्याला मानधन हवे, साधनांच्या दुरुस्तीला तरतूद हवी आणि गावाच्या नोंदीला उत्तर देण्यास बांधील असा अधिकारी हवा. महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती आणि पीक आराखडा यांची तरतूद आहेच. त्या समितीपुढचा पहिला कागद गावाने मोजलेल्या पातळ्यांचा असावा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या आकड्यांवर पीक ठरावे, टँकरच्या मागणीलाही त्यांचाच आधार मिळावा. ज्या आकड्यावर कोणताच निर्णय होत नाही, तो मोजायचा माणूस दोन हंगामांत सोडून देतो, आणि तेव्हा आपण दोष त्याच्या चिकाटीला देतो. खरी कसोटी शासनाची आहे: गावाने मोजायचे आणि कचेरीने ठरवायचे, ही विभागणी मोडायला ते तयार आहे का?