तलाव सरकारचा, पाळ कुणाची?

हवामान बदलावर विचारवंत जे लिहितात त्यात एक कर्ता हटकून भेटतो: मानवजात. कोळसा मानवजातीने जाळला, पृथ्वी मानवजातीने तापवली आणि आता निस्तरायचेही तिनेच. दीपेश चक्रवर्ती यांच्या २००९च्या ‘द क्लायमेट ऑफ हिस्टरी’ या निबंधाने समाजशास्त्राला हा कर्ता गांभीर्याने घ्यायला लावले. माणसाचा इतिहास वेगळा आणि निसर्गाचा वेगळा, ही भिंत आता पडली, असे त्यांचे म्हणणे. भांडवलशाहीचा इतिहास सांगून हे संकट पुरते उलगडत नाही आणि श्रीमंतांनाही यातून पळवाट नाही, हेही त्यांनीच मांडले. आंद्रेयास माल्म आणि आल्फ हॉर्नबोर्ग यांनी २०१४मध्ये त्यावर उलट सवाल केला: वाफेचे इंजिन साऱ्या मानवजातीने मतदान करून आणले होते काय?

गोंदिया जिल्ह्यात बसून हा वाद वाचला की माझा कल दुसऱ्या बाजूला जातो. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच. पाणी वैनगंगेचे. वीज ७६५ केव्हीच्या तारांवरून कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने जाते, राख इथे राहते. (या केंद्रासाठी चंद्रपूरकडची लोहारा कोळसा खाण मिळायची होती, ती ताडोब्याच्या वाघांमुळे अडली. मतदारयादीत नाव नसताना कुणी जिंकल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.) त्याच जिल्ह्यात रोवणी झाली की धानाच्या बांध्यांत पाणी साचते, चिखलात हवा पोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. म्हणजे तिरोड्याची चिमणी आणि दोन एकरांचा धान उत्पादक, दोघेही एकाच खतावणीत.

ही खतावणी कशी लिहिली जाते ते १९९१मध्ये दिसले होते. भारतातल्या धानशेतीतून वर्षाला ३ कोटी ७० लाख टनांहून जास्त मिथेन निघतो, असा अमेरिकी अंदाज तेव्हा चलनात होता. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शेतांत मोजले, तेव्हा आकडा ४० लाख टनांच्या आसपास आला. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढून विचारले की पोटासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत कसे तोलता? तत्त्वज्ञानाच्या परिभाषेचा आव न आणता विचारलेला हा प्रश्न मला अजूनही पुष्कळ जाडजूड ग्रंथांपेक्षा वजनदार वाटतो.

पण दोष कुणाचा हे ठरले तरी काम संपत नाही. बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचे पुढचे काम कुणी करायचे? इथे मामा तलावांकडे वळावे लागते. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. गोंड राजवटीत कोहळी समाजाने हे तलाव बांधले, आणि तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन असा तेव्हाचा करार होता, असे सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. नवेगावबांध त्यातला नावाजलेला, बाकीच्यांची नावे तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसतात. रचना मात्र डोक्याने केलेली. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ, जादा पाणी वाहून न्यायला सलंग आणि पाळीच्या पोटात तुडुम: पायरीपायरीने खाली उतरणारी भोके, एकेकात खुंटी ठोकलेली. पाऊस ओढला की वरची खुंटी आधी काढायची, पाणी उतरेल तशी खालची. पाण्याचा हिशेब कागदावर नव्हता, त्या खुंट्यांत होता. गाळ काढणे, पाळ चोपणे हे उन्हाळ्याचे काम कुणाचे, तेही ठरलेले असे.

तेव्हा हा भाग ज्यात होता त्या मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ते व्हायलाच हवे होते. मात्र फेरफार झाला तो मालकीचा, राबणुकीचा फेरफार कुणाच्याच नावे झाला नाही. निस्ताराचे, म्हणजे वापराचे, हक्क लोकांकडे राहिले, देखभाल आधी पाटबंधारे खात्याच्या आणि मग मोठ्या प्रमाणात जिल्हा परिषदेच्या दफ्तरात गेली. गाळ चढत गेला, बेशरमीची झुडपे माजली. सामाईक गोष्टीची सगळे मिळून नासाडी करतात, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये लिहिले. इथे उलटे घडले. तलाव सामाईक होता तोवर टिकला, सामाईकपणा काढून घेतल्यावर बुजू लागला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशाच व्यवस्था अभ्यासून हार्डिन यांना उत्तर दिले, त्याला २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. ठरलेले काम म्हणजे बऱ्याचदा लादलेले काम. खालची जमीन पाटलाची, पाळीवरची माती डोक्यावर वाहणारा दुसराच, आणि तलावात जाळे टाकणाऱ्या ढिवराचा पाण्यावर शब्द चालत नसे. पर्यावरणाचे शहाणपण आणि जातीची उतरंड एकाच पाळीवर उभी होती. परंपरेकडे परत चला म्हणणारा हवामानविचार हे सोयीस्करपणे वगळतो.

त्या ढिवराला काय कळते ते मात्र पाहण्यासारखे आहे. सरकारी गाळ काढणे म्हणजे जेसीबी लावून मधोमध खोल खड्डा. साठवण वाढते, फोटो चांगला येतो. पण पहिल्या पावसात मासा अंडी घालायला येतो तो काठच्या उथळ, गवताळ पाण्यात. तो काठच खरवडून टाकला तर मरळ येणार कुठून? मग बाहेरून रोहू-कतल्याचे बीज आणून सोडायचे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर यांच्या संस्थेच्या साथीने बेशरम उपटली, तलावाचा तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. यंत्र वापरायचे की नाही, यावर तिथे कुणी परिसंवाद घेतला नसावा.

२००६च्या वनहक्क कायद्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. त्याचे कलम ३ मासे आणि पाणवठ्यातल्या उपजांवर सामूहिक हक्क देते, तर कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत राखायला सांगते. १९५१मध्ये ज्यांची फारकत झाली ते हक्क आणि राबणूक निदान कायद्याच्या पुस्तकात पुन्हा एकत्र आले आहेत. आणि या खेपेला नाव ग्रामसभेचे आहे, मालगुजाराचे नाही. अडचण अशी की बहुतेक मामा तलाव वनाबाहेर आहेत, तिथे हा कायदा पोचत नाही. तिथे चालतो तो मासेमारीचा ठेका.

खरी कसोटी पाऊस दडी मारतो तेव्हा लागते. भारी धान पोटरीत आलेले असते, शेतकऱ्याला शेवटच्या खुंटीपर्यंत पाणी हवे असते. ढिवराला तळाशी हातभर तरी पाणी राहायला हवे, नाहीतर मासळीही गेली आणि पुढच्या वर्षीचे वाणही. दोघेही गरीब, दोघांचेही खरे. मानवजात नावाचा कर्ता इथे काहीच बोलत नाही. पावसाचे खंड वाढतील तसे हे भांडण दर दोन-तीन वर्षांनी उभे राहील आणि आज ते पाळीवर, काठ्यांच्या बळावर सुटते. जिल्हा परिषदेने पुढचे ठेके देताना त्या कागदात एक ओळ घालावी: तलावात किमान किती पाणी राखायचे. तो आकडा शेतकरी आणि ढिवर समोरासमोर बसवून, बायकांसह भरलेल्या ग्रामसभेत, रोवणीच्या आधी ठरावा. धान वाळले तर भरपाई कुणी द्यायची तेही त्याच ठरावात लिहावे, आणि त्या रकान्यात तिरोड्याच्या केंद्राचे नाव घालायला ग्रामसभेने लाजू नये.