पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे



बिन्नागुडीत पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा थांबत नाही. चहाच्या मळ्यांवर ढग टेकतात, कपडे वाळत नाहीत, बुटांना बुरशी येते. परवा अशाच एका संध्याकाळी आमच्यातला एक तरुण जवान कोऱ्या डीव्हीडीचा डबा घेऊन आला. बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती. लग्नाचा व्हिडिओ भावाने नेटवर चढवला, याने इथे उतरवून घेतला, आणि आता तो गावाकडे आजीला पाठवायचा होता. आजीकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे. म्हणाला, "साहेब, एवढं डिस्कवर कॉपी मारून द्या."

मी म्हटलं, कॉपी मारून देणार नाही. डिस्क बनवून देतो. तीन तास लागतील.

त्याला फरक कळला नाही. मलाही एकेकाळी कळला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या पलटणीच्या लोकांचा मेळावा बेळगावला झाला. गुडघ्यांमुळे आबांना जाता आलं नाही. मेळाव्याचा व्हिडिओ मी नेटवरून उतरवून घेतला. एक तास पन्नास मिनिटांचा, जेमतेम तीन जीबीची फाइल. त्यात आबांच्या प्लॅटूनमधले नाना माइक हातात घेऊन दोन मिनिटं बोलले होते आणि आबांचं नाव घेऊन म्हणाले होते की पुढच्या वेळी तुला खांद्यावर उचलून आणतो. डिस्कवर ४.७ जीबी जागा असते, फाइल आरामात बसली. मी ती तशीच कॉपी केली, पोस्टाने पाठवली आणि दिवाळीला फोन केला.

"आबा, डिस्क लागली का?"

"लागली की. बघितली आमी. झ्याक हाय."

मी खूश. फेब्रुवारीत नाना गेले. मे महिन्यात मी रजेवर गेलो तेव्हा टीव्हीच्या कपाटात ती डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली दिसली. आई हळूच म्हणाली, "लागतच न्हाई रं ती. चार डाव लावली. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाईत."

मी सिग्नलवाला माणूस. वायरलेसवर पहिला धडा हाच असतो की समोरचा 'रॉजर' म्हणत नाही तोवर संदेश पोचला असं धरायचं नाही. इथे समोरच्याने 'रॉजर' म्हटलं होतं, पण माया म्हणून. चूक माझी होती. आपल्या यंत्रावर दिसलं म्हणजे त्यांच्याही यंत्रावर दिसेल, असं मी धरून चाललो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरच्या माणसाला काही पाठवायचं असेल तर ते त्याच्या हातातल्या यंत्राला समजेल अशा रूपात नेऊन द्यायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. ज्याला येतं त्याने मेहनत करायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नव्हे.

आता नेमकं काय चुकलं होतं ते सांगतो. नेटवरून उतरवलेल्या फाइली बहुधा एमपी-४ किंवा एमकेव्ही असतात आणि आतलं चित्र बहुतेक वेळा एच.२६४ या पद्धतीने दाबलेलं असतं. साधा डीव्हीडी प्लेअर ही भाषा शिकलेलाच नाही. त्याला एमपेग-२ कळतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झचा, आणि हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठराविक फायलींत रचलेलं लागतं. नुसती कॉपी केलेली डिस्क म्हणजे फाइल ठेवलेलं कपाट. कॉम्प्युटर ते उघडतो, जुना प्लेअर दारातच थांबतो.

म्हणून आधी रूपांतर आणि मग डिस्क. डीव्हीडीस्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही कामं करतं. बरेचजण यासाठी हँडब्रेक घेतात आणि फसतात. हँडब्रेक डिस्कवरून फाइल काढतो, उलटं काम तो करत नाही.

अनुभवाने शिकलेल्या आणखी काही गोष्टी. एका डिस्कवर फाइल किती जीबीची बसते हा हिशेब इथे निरुपयोगी. इथे मिनिटं मोजायची. दोन तासांचा कार्यक्रम एका डिस्कवर घेतला तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र चांगलं दिसतं. चार तास कोंबले तर चेहरे ठोकळ्यांचे होतात. त्यापेक्षा दोन डिस्क करा.

मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत फ्रेमचा वेग बऱ्याचदा कमीजास्त होत असतो. रूपांतर करताना तो २५ वर कायम केला नाही तर अर्ध्या तासाने ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. घरचा टीव्ही जुना चौकोनी असेल तर रुंद चित्र रुंद म्हणूनच नोंदवा आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार बरोबर निवडून द्या. नाहीतर नवरी उंच आणि बारीक दिसते.

डिस्क एकदाच लिहिता येणारी घ्या. पुसून पुन्हा लिहायच्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर त्या वाचायला कुरकुरतात. लिहिण्याचा वेग कमी ठेवा, शेवटी डिस्क फायनलाइज करा. मेनू, नाचती चित्रं, बटणं काही नको. डिस्क आत ढकलली की कार्यक्रम सुरू झाला पाहिजे. वर कागदी लेबल चिकटवू नका, मऊ मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत लिहा.

आणि पाठवण्याआधी ती साध्या प्लेअरवर लावून बघा. लॅपटॉपवर चालली याला मी परीक्षा मानत नाही. रिक्रिएशन रूममध्ये आमचा एक म्हातारा प्लेअर आहे. त्याने पास केलं तरच पाकीट बंद होतं.

आणखी एक, आणि ही सर्व्हिसमधल्या पोरांसाठी. डिस्क गावभर फिरते. ठिकाण, वाहनं, सामान, ड्युटी यातलं काही चित्रात असेल तर ती घरी जाता कामा नये. शंका असेल तर आधी विचारा.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की हा सगळा उपद्व्याप कशाला? पेनड्राइव्ह द्या, नाहीतर स्मार्ट टीव्ही घेऊन द्या. पेनड्राइव्हची अडचण अशी की जुन्या प्लेअरला यूएसबीचं भोक असलं तरी आत बहुधा एव्हीआयसारख्या जुन्या फायलीच चालतात. भाषेचा प्रश्न तिथेही सुटत नाही. स्मार्ट टीव्ही उत्तम. ज्यांच्या आईवडिलांना तो जमतो त्यांनी जरूर घ्यावा. पण आमच्या घरी नेट कधी असतं, कधी नसतं. मोबाइल पुतण्याच्या खिशात असतो आणि पुतण्या कॉलेजला साताऱ्यात. आबांना व्हिडिओ बघायचा तर शनिवारची वाट बघावी लागते आणि तो दाखवेल तेवढाच बघावा लागतो. चाळीस वर्षांखाली माणसं वागवलेल्या हवालदाराला "जरा दाखव की रे" म्हणत नातवामागे फिरावं लागणं मला बरं वाटत नाही. डिस्क त्यांच्या हातात असते. पासवर्ड नाही, महिन्याचे पैसे नाहीत, हवं तेव्हा लावायची, हवी तितक्या वेळा.

डिस्क अमर नाही हेही खरं. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, ओरखडे पडतात. शिवाय रूपांतरात मूळ चित्राचा बारकावा कमी होतो तो परत येत नाही. म्हणून मूळ फाइल कधीच पुसू नका. ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. डिस्क बघण्यासाठी, फाइल जपण्यासाठी. पाचसात वर्षांनी प्लेअर बंद पडला तर त्याच फाइलीतून पुढच्या यंत्राला लागेल ते बनवता येईल.

माजी सैनिक वाचत असतील तर त्यांना एक विनंती. तालुक्याच्या संघटनेत एखादा लॅपटॉप आणि बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर असेल, तर महिन्यातून एक रविवार या कामाला द्या. नव्या लॅपटॉपमध्ये रायटर येत नाही, तरुणांना हे काम माहीत नाही, आणि ज्यांना हवंय ते मागत नाहीत. आबांनी कुठे मागितलं?

त्या मे महिन्यात मी गावातूनच नवी डिस्क केली. आबांनी स्वतः ती लावली. नाना पडद्यावर आले तसे आबा खुर्चीत ताठ बसले. दोन मिनिटं संपली. रिमोट उचलून त्यांनी ते मागे घेतलं, पुन्हा बघितलं. मग मला म्हणाले, "आता लागली."

हा 'रॉजर' खरा होता. पण उशिरा आला. नाना असताना आला असता तर आबांनी त्यांना फोन करून दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

त्या जवानाची डिस्क काल तयार झाली. रिक्रिएशन रूममधल्या म्हाताऱ्याने पास केली. पाकिटावर पत्ता घालताना मी त्याला एवढंच सांगितलं, फोनवर "लागली का" असं विचारू नको. नवरीने कोणत्या रंगाचा शालू नेसला होता ते आजीला विचार.

जय हिंद.