दाताचे वय

आमच्या कन्येला तेरावे लागले आणि तिचे पुढे आलेले दात तारेने मागे घ्यावेत असे घरात ठरले. खर्चाचा आकडा ऐकून माझी दातखीळ बसली. पण तो वेगळा विषय.

डॉक्टरीणबाई कन्येविषयी सगळे समजावून सांगत असता सौ. हळूच म्हणाली, "आणि माझे?"

मी हसलो. "अगं, आता या वयात?"

"हसू नका, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाताला वय कळत नाही, जबड्याला कळतं."

मग आमची शिकवणी झाली. दात काही भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते. तारेचा हलका पण सतत दाब पडला, की एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर सरकतो. हे चौदाव्या वर्षी घडते तसे पंचेचाळिसाव्या वर्षीही. सुरुवात तेवढी संथ. मुलांच्या टाळूची मधली सांध मात्र पुरती जुळलेली नसते, म्हणून अरुंद टाळू रुंद करता येते. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यालाही वाढीच्या भरात वळण लावता येते. मोठ्यांची वाढ संपलेली. दोष जबड्यातच मोठा असेल तर शस्त्रक्रिया. नाहीतर आहे त्या जागेत दातांची नीट मांडणी. शिवाय हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा. नाहीतर दाताचा आधारच खचतो. आणि तारा निघाल्या तरी दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून रिटेनर दोघींनाही चुकत नाही.

तारा दोघींना बसल्या. कन्येला रोज विचारावे लागे, "रबर लावलेस का?" सौ.ला एकदाही विचारावे लागले नाही. मुलांना आणावे लागते. मोठी माणसे आपण होऊन येतात, आणि बहुधा फार वर्षे वाट पाहून येतात.

सौ. हसताना तोंडावर हात धरते, हे मी लग्नापासून पाहत होतो. तो तिचा लाजरेपणा, अशी माझी समजूत!

गेल्या दिवाळीत पाडव्याला ओवाळताना ती मोकळेपणी हसली. दिव्याच्या उजेडात तारा चमकल्या. हातात तबक आहे म्हणून असेल, असे मला वाटले. पण तबक खाली ठेवल्यावरही ती तशीच हसत होती.