आधी भात, मग मासा

नव्या शहरात गेलं की पहिल्या महिन्यात आपण काय काय शोधतो? फ्लॅट, कामवाली बाई, ब्रॉडबँड, जिम आणि ऑफिसला जायचा ट्रॅफिक टाळणारा शॉर्टकट. पुण्याहून गुरुग्रामला बदली झाली तेव्हा माझ्या यादीत आणखी एक आयटेम होता, सुशी. कलीग्ज खो खो हसले. ‘अरे, इथे समुद्र कुठाय?’ त्यांचा मुद्दा बरोबर होता. गुरुग्रामच्या आसपास समुद्र औषधालाही नाही!

पण बॉस, सुशीची खरी गंमत इथेच आहे.

आपण मराठी माणसं मासा घेतो तो कल्ले उचलून. लालभडक दिसले, बोट दाबलं तरी मांस घट्ट लागलं, की घासाघीस सुरू. ‘ताजा’ म्हणजे आजचा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. सुशीचं गणित वेगळं आहे. टोकियोच्या तोयोसू बाजारात (जुन्या त्सुकिजीतला घाऊक बाजार २०१८ मध्ये इथे हलला) ट्यूनाचा लिलाव होतो तेव्हा त्यात दगडासारखे गोठलेले ट्यूनाही रांगेत मांडलेले असतात. कच्च्या माशात परजीवी असू शकतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे की कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस तरी गोठवावा. ट्यूनाच्या काही जातींना यातून सूट आहे, पण नियम बहुतेक माशांना लागू. गोठवल्याने परजीवी मरतात, सगळे जीवाणू मरत नाहीत. त्यामुळे समुद्र किती लांब, यापेक्षा विमानापासून किचनपर्यंत बर्फाची साखळी कुठे तुटली का, हा प्रश्न महत्त्वाचा. माल कोणत्या दिवशी येतो, हे वेटरला बिनधास्त विचारा. चांगल्या जागी लगेच उत्तर मिळतं. ‘सर, एव्हरीथिंग इज फ्रेश’ एवढंच ऐकू आलं, तर शिजवलेलं काहीतरी मागवा आणि घरी जा.

घरची आठवण येणारी माणसं शोधा!

आता प्रश्न उरतो, जायचं कुठे? माझा फंडा सोपा आहे. गुरुग्राममध्ये कुणी ‘एकदम पुण्यासारखी’ म्हणून मिसळ समोर ठेवली, तर खरं-खोटं कळायला मला एक घास पुरे. कारण त्या चवीवाचून माझं अडतं. सुशीच्या बाबतीत तसं ज्याचं अडतं, त्याच्या मागे जा.

गुरुग्रामला अशी माणसं भरपूर आहेत. मारुती-सुझुकीची पहिली गाडी इथल्या कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. मानेसरला होंडाच्या दुचाकींचा कारखाना आला. जयपूर हायवेवर, राजस्थानात नीमराण्याला तर जपानी कंपन्यांसाठी खास औद्योगिक पट्टाच आहे. या सगळ्या कंपन्यांमध्ये दोन-चार वर्षांसाठी आलेले जपानी इंजिनीअर संध्याकाळी जिथे जेवतात, ती जागा फसवाफसवी करून टिकूच शकत नाही. हाच फंडा बंगळुरूलाही चालतो, कारण बिडदीला टोयोटा आहे. नव्या शहरात ‘बेस्ट सुशी’ शोधण्याआधी ‘जपानी कंपन्या कुठे आहेत’ हे शोधा.

ही जागा चकाचक असेलच असं नाही. गुरुग्राममध्ये मला सापडलेली जागा एका ऑफिस बिल्डिंगच्या तळमजल्यावर, फोटोकॉपीच्या दुकानाशेजारी होती. बाहेर बोर्ड छोटासा. आत दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडलेली माणसं एकेकटी बसून ट्रेमधलं जेवण जेवत होती. भात, मिसो सूप, लोणचं, मासा. कुणी फोटो काढत नव्हतं. मला तिथेच खात्री पटली.

खुर्चीवर बसल्यावर काय?

सगळ्यात आधी भात बघा. ‘सुशी’ या शब्दाचं मूळच आंबट चवीत आहे. व्हिनेगर, मीठ, साखर घातलेला तो भात म्हणजे सुशी. मासा नंतर. भात साधारण अंगाच्या उबेचा हवा, दाणा वेगळा कळावा आणि तोंडात घास अलगद सुटावा. फ्रिजमधून काढलेला गारढोण, कडक भात आला, तर वरचा मासा कितीही महागाचा असो, खेळ खल्लास. आपण सगळे भातखाऊ. शिळा भात आपल्याला कुणी शिकवायला नको!

दुसरी टेस्ट अंड्याची. तामागो म्हणजे थरांवर थर गुंडाळत केलेलं गोडसर ऑम्लेट. ते दिसतं साधं, पण आच जराशी चुकली की बिघडतं. ते घरी केलेलं आहे का, हे विचारा. आणि मेन्यूत शिमे-साबा दिसली तर सोडू नका. आपल्या बांगड्याच्या भाऊबंदांपैकी एक मासा, आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. त्यात आचाऱ्याचा हात कळतो.

वासाबीवरून मात्र कुणाला नापास करू नका. बहुतेक ठिकाणी मिळतो तो हिरवा गोळा हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग यांचा असतो. जपानमध्येसुद्धा! खरी वासाबी महाग, शिवाय किसल्यावर थोड्याच मिनिटांत तिचा झणका उतरतो.

शाकाहारी मित्रमैत्रिणींसाठी एक सूचना. काकडीचा रोल किंवा इनारी (तोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात) मागवलात तरी ‘दाशी’बद्दल विचाराच. मिसो सूप आणि इनारीची ती पिशवी बऱ्याचदा बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाच्या पाण्यात होते. मेन्यूवर हिरवा ठिपका आहे म्हणून गप्प बसू नका.

मग ‘ऑथेंटिक’ म्हणजे नक्की काय?

माझ्या ऑफिसमधल्या एका सुशीपंडिताचं म्हणणं, सॅमन नसेल तर ते कसलं जपानी रेस्तराँ! त्याला सांगितलं, गड्या, तुझा सॅमन नवखा आहे. जपानी लोक आपला सॅमन खारवून, भाजून खायचे, परजीवींच्या भीतीने कच्चा टाळायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सॅमन जपानमध्ये कच्चा खपवण्यासाठी मोहीम उघडली आणि तो सुशीवर चढला. आज तो सगळ्यांचा लाडका आहे.

आणि हातावर वळलेली निगिरी? ती १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातली, एदो म्हणजे आजच्या टोकियोतली. श्रेय बहुधा हानाया योहेई याला दिलं जातं. घाईतल्या माणसांचं ते गाडीवरचं खाणं. आपला वडापावच म्हणा! या शैलीचं नाव ‘एदोमाए’, म्हणजे एदोसमोरचं, शहरासमोरच्या खाडीतलं. फ्रिज नव्हता, म्हणून मासा मिठात, व्हिनेगरमध्ये, सोया सॉसमध्ये मुरवायचा, नाहीतर उकडायचा. हाताशी जे आहे ते जपून, नीट करून वाढायचं. मूळ परंपरा ती हीच.

म्हणून मी आता माशांची यादी बघत नाही. समोरचा आचारी हाताशी असलेल्या मालाशी प्रामाणिक आहे का, एवढंच बघतो. माझ्या तळमजल्यावरच्या जागेत एका बुधवारी आचाऱ्याने स्वतःच सांगितलं, ‘आज ट्यूना नको, उद्या माल येतोय. आज उकडलेली कोळंबी घ्या.’ धंदा सोडून गिऱ्हाइकाला असं सांगणारा माणूस नव्या शहरात भेटणं, ही साधी गोष्ट नाही. घरमालक, ब्रोकर, इंटरनेटवाला, कुणीच असं सांगत नाही.

तर तुमची बदली झाली असेल, तर या आठवड्यात एक काम करा. दुपारी लंचच्या वेळी जा, रात्री नको. दुपारी सेट मेन्यू स्वस्त पडतो आणि खरी गिऱ्हाइकं तेव्हाच दिसतात. टेबल सोडा, काउंटरवर बसा. एक तामागो, एक निगिरी मागवा. हाताने खाल्लीत तरी चालतं, जपानी माणसंही खातात. सोया सॉसमध्ये भात नाही, माशाची बाजू टेकवा. आवडलं तर पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आचारी मान हलवून ओळख दाखवेल.

त्या दिवशी शहर थोडं आपलं झालं असं समजा!