इंग्रजीचा निबंध: ४० मिनिटं, २५० शब्द

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका दुपारी शेजारच्या आजी सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या. सून खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला सिस्टरच म्हणू. पदरानं छत्रीचं पाणी टिपत आजी म्हणाल्या, "बाई, हिला इंग्रजीचा निबंध तेवढा शिकवा. दोनदा नापास झाली."

आयईएल्टीएसमध्ये खरं तर पास-नापास असं काही नसतं. ० ते ९ असे बँड मिळतात, आणि किती बँड हवेत ते ज्याला दाखवायचे तो ठरवतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ७ लागतात. लेखनाला मात्र २०१८ पासून साडेसहा चालतात. सिस्टरला बाकी तिन्हींत सातच्या वर होते. लेखनात दोन्ही वेळा ६. अर्ध्या बँडासाठी सगळं अडलेलं! एका वेळची फी पंधरा हजारांच्या वर. दुसऱ्या वेळची आजींनी भिशीतून भरली होती. "तिसऱ्यांदा भरू," त्या म्हणाल्या, "चौथ्यांदा नाही जमायचं."

मीही पाचवीत एबीसीडी गिरवलेली. पुढे बी.ए. झाले, आता सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते. मला वाटलं, निबंध काय, सहज शिकवीन. सिस्टरच्या वहीत पाठ केलेले उतारे होतेच, त्यांत मी आणखी दहा-बारा भारी शब्द घातले. आठ दिवसांनी तिनं लिहून आणलेला निबंध वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. सुरुवात होती "सिन्स टाइम इमेमोरियल", मधे "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स". प्रश्न होता म्हाताऱ्या माणसांची काळजी कुटुंबानं घ्यावी की सरकारनं, आणि त्याचं उत्तर सबंध पानात कुठंच नव्हतं. भाजी नुसत्या मसाल्याची, आत भाजीच नाही!

मग मी परीक्षेचे नियम नीट वाचून काढले. ते आधी करायला हवं होतं.

लेखनाच्या तासात दोन कामं असतात. पहिलं निदान १५० शब्दांचं, त्याला साधारण २० मिनिटं. दुसरा हा निबंध, निदान २५० शब्दांचा, त्याला ४० मिनिटं. निबंधाचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट. म्हणून पहिल्या कामात रमून निबंधाची मिनिटं खाऊ नयेत.

तपासणारा चार गोष्टी बघतो आणि चारींना सारखंच माप देतो: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मुद्दे ओळीनं लागले का, शब्द नेमके आहेत का, आणि वाक्यं शुद्ध आणि निरनिराळ्या घडणीची आहेत का. सुविचार आणि म्हणी यांत कुठंच नाहीत. पाठ केलेला उतारा तर तपासणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो आणि नुकसानच करतो.

आधी प्रश्न चिरून घ्या. पहिली पाच मिनिटं लिहायला घेऊच नका. नेमकं काय मागितलंय? तुमचं मत? दोन्ही बाजू आणि मत? कारणं आणि उपाय? फायदे-तोटे? सिस्टरच्या प्रश्नात दोन्ही बाजू सांगून स्वतःचं मत द्यायचं होतं. तिनं एकच बाजू लिहिली होती आणि मत विसरली होती. तिथंच बँड अडकतो. तुमचं मत कुठलं याला गुण नसतात. ते स्पष्ट आहे का आणि शेवटपर्यंत तेच राहतं का, एवढंच बघतात.

चार परिच्छेद पुरेत. पहिल्यात दोनच वाक्यं: प्रश्न आपल्या शब्दांत आणि आपलं मत. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, ती तुमची धरत नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात एक बाजू, तिसऱ्यात दुसरी. चौथ्यात समारोप, त्यात नवा मुद्दा आणायचा नाही. मधल्या प्रत्येक परिच्छेदाला एकच मुद्दा. तो सांगा, का ते समजावा, मग उदाहरण द्या. चार मुद्दे नुसते मोजून दाखवण्यापेक्षा एक नीट शिजवलेला बरा.

उदाहरण घरचंच द्या. स्वतःच्या माहितीतून किंवा अनुभवातून उदाहरणं द्या, असं प्रश्नाखालीच लिहिलेलं असतं. मी सिस्टरला विचारलं, "तुमच्या वॉर्डात म्हातारी माणसं असतात की नाही? त्यांच्याकडे कोण बघतं?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मुलगा रात्री येतो, सून डबा आणते. पण जखमेची पट्टी बदलणं, उठवून बसवणं त्यांना येत नाही. माया असते हो, पण माहिती नसते." मी म्हटलं, "हेच लिहा. हाच तुमचा निबंध." प्रेम घरच्यांनी द्यावं, पण शिकलेली मदत सरकारनं पुरवावी, असं तिचं मत ठरलं. साध्या इंग्रजीत ते तिनं अर्ध्या तासात लिहिलं, आणि पहिल्यांदाच तो निबंध कुणाच्या तरी तोंडचा वाटला.

लिहून झाल्यावर म्हणाली, "बाई, मी गेले तर आमच्या आजींकडे कोण बघणार, हाच प्रश्न आहे की." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा ठेवला.

शब्द माहितीतलेच वापरा. ज्या शब्दाचा अर्थ आणि स्पेलिंग पक्कं नाही तो टाळा. 'हॉस्पिटल', 'केअर', 'ट्रेन्ड स्टाफ' हे शब्द नेमक्या जागी बसले की पुरे. मात्र सगळी वाक्यं तीन-तीन शब्दांचीही नकोत. 'बिकॉज', 'ऑल्दो', 'इफ' घेऊन दोन वाक्यं जोडता आली पाहिजेत.

शेवटची पाच मिनिटं निवडण्याची. तांदूळ निवडतो तसे खडे काढायचे. आपल्या मराठी माणसांचे खडे ठरलेले असतात. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नाहीत, म्हणून ते गळतात. 'शी वर्क' लिहितो, 'एस' राहतो. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट' यांना शेवटी 'एस' लावतो, तो नको. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'आय ॲम नोइंग' नको, 'आय नो' पुरे. 'पीपल'पुढे 'इज' नको, 'आर' हवं. सिस्टरच्या चुकांची मी यादी केली. आजींनी ती फ्रिजवर चिकटवली.

शब्द २५० पेक्षा कमी झाले तर गुण जातात, फार लांबवलं तर चुका वाढतात. २७० ते २९० च्या आसपास थांबावं. संगणकावर परीक्षा असली की शब्दांचा आकडा खाली दिसतोच.

सराव किती? रोज नवा निबंध लिहू नका. आठवड्यात दोन, तेही घड्याळ लावून. मग चुका दुरुस्त करून तोच निबंध पुन्हा लिहा. खरं शिकणं या दुसऱ्या लिहिण्यात होतं. सिस्टर रात्रपाळीहून आली की झोपायच्या आधी ४० मिनिटं बसायची. तेवढा वेळ नातवाला आजी खाली अंगणात घेऊन जायच्या. घरातल्या एका माणसानं ही ४० मिनिटं सांभाळली नाहीत तर कुठलीही युक्ती कामाची नाही, हे मी पैजेवर सांगते.

दिवाळीनंतर निकाल आला. लेखनात साडेसहा. हवे होते तेवढेच, वर एक दाणा नाही. आजी पेढे घेऊन आल्या, पण पेढा हातावर ठेवताना त्यांचे डोळे भरले होते. "पास झाली हो," म्हणाल्या, आणि मग हळूच, "आता जाईल." निकाल दोन वर्षं चालतो. जायचं कधी, आजींचं काय, हे त्यांच्या घरात अजून ठरायचंय. पण आता ते त्यांनी ठरवायचं आहे. अर्ध्या बँडामुळे अडून बसलेलं नाही.

तुमच्या घरात कुणी या परीक्षेला बसत असेल, किंवा तुम्ही स्वतःच बसणार असाल, तर वही काढा आणि आजच एक प्रश्न चिरून बघा. पुढच्या वेळी पहिल्या कामाविषयी.