'पूर्वी' म्हणजे नेमके केव्हा? : बार्शी लाइट आणि आपले स्मरणरंजन

गेली चार वर्षे आम्ही तिघे मिळून बार्शी लाइट रेल्वेचे एक मॉडेल उभे करण्याच्या खटपटीत आहोत. आमच्यापैकी दोघे मराठीचे अध्यापक आहेत, तिसऱ्याचा साहित्याशी संबंध वाचकापुरताच आहे. मात्र मोजपट्टी कशी धरावी हे त्यानेच आम्हा दोघांना शिकवले. मध्यंतरी एका साहित्यिक मेळाव्यात या उद्योगाचा विषय निघाला, तेव्हा व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ लेखक हसून म्हणाले, "म्हणजे मोठ्या माणसांची भातुकलीच की!" सभागृह हसले, आम्हीही हसलो. मग तेच लेखक त्यांच्या बालपणातल्या छोट्या गाडीविषयी दहा मिनिटे बोलले. गाडी इतकी संथ की धावत्या डब्यातून उतरावे, बोरे तोडावीत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे! श्रोत्यांचे डोळे पाणावले. आम्ही विचारले, "सर, हे कोणत्या सालचे?" त्यावर ते किंचित रागावले. "साल काय महत्त्वाचे आहे? पूर्वीची गोष्ट आहे!"

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहीत आहोत. व्यक्ती येथे गौण आहे. हे वाक्य आज मराठी ललित गद्याचे जवळजवळ ब्रीदवाक्य झाले आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक वाटते.

प्रथम त्या बोरांविषयी. ही बोरे आम्ही बार्शी लाइटच्या आठवणींत वाचली, यवतमाळ–मूर्तिजापूरच्या 'शकुंतले'च्या आठवणींत ऐकली, नेरळ–माथेरानच्या गाडीबद्दलही ऐकली. कुठे बोरांची जांभळे होतात, कुठे करवंदे होतात, एवढाच फरक. जी गोष्ट प्रत्येक छोट्या गाडीला लागू पडते, ती कोणत्याच गाडीविषयी काही सांगत नसते. सांगणाऱ्याला आपल्या बालपणाविषयी काय वाटते, एवढेच ती सांगते. तेही सांगण्याजोगे असेल. पण मग त्याला रेल्वेची आठवण म्हणू नये.

मॉडेल करणाऱ्याला 'पूर्वी' हा शब्द वापरण्याची सोय नसते. त्याला साल ठरवावेच लागते. बार्शी लाइटचेच पाहा. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन असा एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. हे 'बार्शी रोड' म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. १९०६ साली रूळ पंढरपुरास पोचले, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. कंपनीची ही रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारकडे आली. २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले आणि अडीच फुटी रूळ उखडले गेले. आता कोणी 'पूर्वीची बार्शी लाइट' करून दाखवू म्हणेल, तर त्याने काय दाखवायचे? १९०५ सालच्या मांडणीत पंढरपूरची गाडी उभी करणे म्हणजे चूक. १९२५ साली मिरजेचा फलक लावणे म्हणजेही चूक. १८९७ च्या जंक्शनवर 'कुर्डुवाडी' अशी पाटी रंगवणे ही तिसरी चूक.

आणि हे केवळ पाट्यांपुरते नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे भारतात होती आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या काळात एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांवर दोन झेंडे होते. सरहद्दीवरच्या लढ्याच्या छावण्या बार्शीच्या आसपास होत्या. ज्या स्मृतिचित्रांत ही सरहद्दच दिसत नाही, बोरे तेवढी दिसतात, त्यांना स्मृती म्हणायचे की विस्मृती, याचा निवाडा वाचकांनीच करावा. आमच्या मते साल टाळण्यामागे आळसाहून अधिक काही आहे. साल आले की सत्ता येते, मालकी येते, मजुरी येते, माणसे येतात. 'पूर्वी' म्हटले की हे सारे धुक्यात जाते आणि धुके नेहमी सुंदरच दिसते.

'पण मॉडेल म्हणजे केवळ तपशिलांचा सांगाडा, त्यात अर्थ कुठला?' असा आक्षेप साहित्याच्या वर्तुळात हमखास येतो. या आक्षेपास एका इंजिनाच्या चाकांनी उत्तर देता येईल. बार्शी लाइटसाठी लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार छोटी चाके होती. म्हणजे सहा ॲक्सल. एवढ्याशा रुळावर एवढी चाके कशासाठी? या रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा आग्रह होता की, इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांहून अधिक भार पडू नये. अवजड इंजिनासाठी अवजड रूळ टाकायचे आणि हलके डबे त्यावरून नेताना तो पैसा वाया घालवायचा, हे त्याला मान्य नव्हते. भार सर्वत्र सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, खडी कमी लागते, पूल स्वस्तात होतात आणि थोड्या भांडवलात बार्शीच्या बाजारपेठेतला कापूस मुख्य मार्गावर येतो. त्या बारा चाकांत वसाहतीचे अर्थकारण आहे, भांडवलाची काटकसर आहे आणि एका अभियंत्याची प्रतिभाही आहे. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की रूप आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. हे विधान आम्हाला स्वतःला पुरते पटले, ते या इंजिनाचे चित्र मोजताना. मोजणे हेही वाचनच आहे.

निवडीचा प्रश्नही तसाच. आमचे प्रमाण १:८७ आहे. अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे रुळांतले अंतर या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होते आणि बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतो. पण कुर्डुवाडी ते बार्शी हे चौतीस किलोमीटर याच प्रमाणात केले, तर ३९० मीटर जागा लागेल. ती कोणाकडे आहे? आमच्याकडे एक खोली आहे. तेव्हा काय ठेवायचे, काय गाळायचे, हे ठरवणे आलेच. कादंबरीकारही हेच करतो. फरक इतकाच की मॉडेल करणाऱ्याने गाळलेली गोष्ट लपत नाही. जुना गँगमन येतो, दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, इथे सांधा होता, तो कुठे गेला? असा वाचक आपल्या ललितलेखकांना एकदा तरी लाभावा, अशी आमची प्रार्थना आहे.

आता एक लाजिरवाणी तुलना. याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही अडीच फुटीच छोटी रेल्वे बांधली. लांबी सुमारे तेरा किलोमीटर, इंजिने दोन, आयुष्य १९०४ ते १९३४ असे अवघे तीस वर्षांचे. तिच्या इंजिनांवरचे भलेमोठे कंदील पाहिले की बार्शीचे रक्त ओळखू येते. त्या दोन्ही इंजिनांपैकी एकही आज उरलेले नाही. तरीही त्या रेल्वेचे डबे, स्थानके, दुधाच्या वाहतुकीचे तपशील हौशी माणसांनी इतक्या कसोशीने जमवले आहेत की, आज तिचे मॉडेल करू इच्छिणाऱ्याला ग्रंथालयापलीकडे फारसे जावे लागू नये. आणि सव्वातीनशे किलोमीटरांची, शतकाहून अधिक काळ माणसे नि माल वाहणारी तिची थोरली बहीण? तिच्या वाट्याला आपल्या भाषेत काय आले? बोरे.

इंग्रजांना वेड असते, आपल्याला दृष्टी असते, अशी समजूत करून घेणाऱ्यांना एक स्मरण द्यावेसे वाटते. बोरीबंदरहून पहिली गाडी १८५३ साली सुटली आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे पुस्तक मराठीत आले. यंत्र कसे चालते हे मराठीत सांगणे म्हणजे मराठीचीच सेवा, असे त्या पिढीला वाटत होते. पुण्यात १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे मुलांच्या रांगा लागतात, साहित्याचे विद्यार्थी मात्र आम्हाला क्वचितच दिसले. तंत्राविषयीची ही तुच्छता आपली परंपरा नव्हे, ती नंतर जडलेली खोड आहे.

इथवर आम्ही इतरांवर बोट ठेवले. आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे, कारण मॉडेलच्या छंदालाही स्मरणरंजनाची लागण आहे आणि ती कदाचित अधिक जुनी आहे. जगभरच्या बहुतेक मांडण्या पाहाव्यात: इंजिने लखलखीत, फलाट झाडलेले, माणसे तुरळक. वसाहतीचे राज्य जणू स्वच्छ हवेवर चालले होते! आमच्या मांडणीसाठी आम्ही १९५३ हे साल, म्हणजे कंपनीचे अखेरचे वर्ष, आणि बार्शी टाउन हे स्थानक निवडले. पहिले यार्ड तयार झाले तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. बार्शीच्या एका निवृत्त रेल्वे कामगाराला मुद्दाम दाखवायला नेले. वाफेच्या इंजिनावर त्यांची उमेद गेलेली, वडील कंपनीच्या नोकरीतले. त्यांनी सगळे बारकाईने पाहिले, चष्मा पुसला आणि विचारले, "सर, समदं झ्याक हाय. पण इंजनाची राख कुठं पडती हितं?"

आम्ही निरुत्तर झालो. राखेचा खड्डा आम्ही केलाच नव्हता. मग ते बोलत राहिले. पाळी संपल्यावर भट्टी कशी साफ करायची, धग कशी अंगावर यायची, खड्ड्यात उतरून राख ओढणारा कोण असायचा आणि त्याच्या हाताचे चहाचे कप वेगळे कसे असायचे. चार वर्षांच्या संशोधनात आम्ही रिव्हेटांची संख्या मोजली होती, पण राख उपसणारा माणूस आमच्या मोजणीतून सुटला होता. दलित आत्मकथनांनी काम कोणी केले आणि त्याला काय मिळाले, हे प्रश्न मराठी वाचकाला कधीच शिकवले आहेत. ती पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. पण मोजपट्टी हाती आल्यावर तो धडा विसरलो. हा कबुलीजबाब इथे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते.

वारकऱ्यांचेही तेच. रूळ पंढरपुरास पोचले तेव्हा वारीचा एक भाग रुळावर आला. यात्रेच्या गर्दीत माणसांना मालडब्यांतून नेण्याचा प्रघात हिंदुस्थानातल्या अनेक रेल्वेंवर होता. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याला जाताना छप्पर नसलेल्या, गुरांच्या वा मालाच्या डब्यांतून भर उन्हात केलेल्या प्रवासाची नोंद गांधींनी आत्मकथेत केली आहे. ही माणसे मांडणीत यायला हवीत. आमच्या प्रमाणात माणूस सुमारे एकोणीस मिलिमीटरचा होतो. बाजारात तयार पुतळे मिळतात ते हॅटवाल्या युरोपीय प्रवाशांचे. तेव्हा आम्ही स्वतः मातीचे पटके बांधले, नऊवारी लुगडी रंगवली. शंभराव्या पुतळ्यानंतर डोळे दुखू लागले. पण फलाट भरला आणि प्रथमच ते स्थानक आम्हाला खरे वाटले. ते आता पूर्वीइतके सुंदर मात्र दिसत नाही.

'पुरावे कुठे आहेत?' असे विद्यार्थी विचारतात. आहेत, पण झपाट्याने नष्ट होत आहेत. एका कार्यालयात जुन्या यार्डांचे नकाशे पाहायला मिळतील म्हणून आम्ही गेलो, तेव्हा ते सहा महिन्यांपूर्वीच रद्दीत वजनावर गेल्याचे कळले. सांगणाऱ्याच्या स्वरात खेदाचा लवलेश नव्हता आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? ज्या समाजाच्या लेखकांनाच साल महत्त्वाचे वाटत नाही, त्या समाजाच्या कारकुनाने नकाशे का जपावेत? ज्यांनी भट्टीत कोळसा टाकला, सांधे बदलले, रात्री हातकंदील हलवले, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द कोणत्याही कोशात नाहीत. त्यांच्यामागे ते शब्दही जातील.

म्हणून मराठीच्या विभागांना आमचे सांगणे आहे. 'मराठी साहित्यातील रेल्वेचे चित्रण' यासारखे प्रबंध काही काळ थांबवावेत. एका विद्यार्थ्याने एक स्थानक घ्यावे, एक साल घ्यावे, एक गाडी घ्यावी. ती किती वाजता आली, तिच्यातून काय उतरले, ते कोणी डोक्यावरून वाहिले, त्याला किती पैसे मिळाले, हे शोधावे. जुने वेळापत्रक कादंबरीइतक्याच काळजीने वाचावे. वृद्ध कामगाराकडे हात जोडून जावे आणि त्याच्या बोलीतच त्याचे म्हणणे उतरवून घ्यावे. असे पन्नास विद्यार्थी निघाले, तर मराठीत एका रेल्वेचा इतिहास तयार होईल आणि पन्नास जण नीट वाचायलाही शिकतील.

त्या ज्येष्ठ लेखकांना आम्ही बार्शी पाहायला बोलावले आहे. आमच्या एकोणीस मिलिमीटरच्या गर्दीत एक लहान मुलगा आहे. त्याच्या मुठीत बोरे आहेत, ती आम्ही मुद्दाम रंगवली. आम्ही आठवणींचे वैरी नाही. मात्र त्या मुलापासून वीतभर अंतरावर राखेचा खड्डा आहे आणि खड्ड्यात एक माणूस उभा आहे. सरांनी दोघांकडेही पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.